कॅप्टनसाहेबांचं जहाज मी परत पाठवलं

मी नोकरी काय करत होते, हे माझ्या माहेरी, अकोल्यात, आजही कोणाला नीट सांगता येत नाही. आई म्हणायची, "आमची नीलिमा अमेरिकेत कस्टममध्ये आहे." धाकटा भाऊ सांगतो, "ताई जहाजांवर पेस्ट कंट्रोल करायची." सांता क्लाराच्या मराठी शाळेत मी रविवारी शिकवते, तिथली मुलं मला 'बग आंटी' म्हणतात. तिघांत मुलंच सत्याच्या सगळ्यांत जवळ आहेत.

पूर्वी जहाजावर साथीचा रोग असला की ते किनाऱ्यापासून लांब उभं करून ठेवायचे. माणसं बरी होईपर्यंत किंवा मरेपर्यंत कोणाला उतरू द्यायचे नाहीत. आता माणसांची तपासणी दुसरं खातं करतं. माझ्या वाट्याला आले ते झाडांचे रोग आणि ते घेऊन येणारे किडे. परदेशातून जहाज आमच्या खाडीतल्या बंदराला लागलं की माल उतरायच्या आधी आम्ही शिडीनं वर चढायचो. हातात बॅटरी, दांड्याला लावलेला आरसा, खरवडायला एक पातळ पातं आणि खिशात स्पिरिटच्या बाटल्या. शेती कॉलेजात कीटकशास्त्र शिकताना वाटलं होतं, कापसाच्या शेतात उभं राहून आयुष्य जाईल. गेलं ते लोखंडाच्या भिंतींवर आरसा फिरवण्यात.

या कामात कोणी आपलं स्वागत करत नाही. एका जहाजावरच्या आचाऱ्यानं साखरेतल्या मुंग्या अमेरिकन आहेत, आत्ताच शिडीवरून चढल्या, असं शपथेवर सांगितलं होतं. दुसऱ्या एकानं जप्त केलेल्या आंब्याचा माझ्यासमोर मुका घेतला आणि मग तो पिशवीत टाकला. माझा जोडीदार डेव्ह. साडेसहा फुटी, कोळ्याच्या घरात जन्मलेला, आणि गोदीला दोरखंडांनी बांधलेल्या जहाजावरही ज्याला समुद्र लागतो असा मी पाहिलेला एकमेव माणूस. जहाज हलत नसायचं, पण डेव्ह हलायचा.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मला एका डोहाळजेवणाला जायचं होतं. आमच्या मराठी शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी मृण्मयी, तिचं. तिचा नवरा कौस्तुभ इंजिनियर. तो आठवडाभर गॅरेजमध्ये फ्रिजच्या खोक्यांची नाव बनवत होता, कारण बायकोला नावेत बसवून डोहाळजेवण करायचं ठरलं होतं. "काकू, आई-बाबा पण येतायत," मृण्मयीनं मला सांगितलं होतं. येतायत म्हणजे विमानानं, हे मी गृहीत धरलं. बाकीचं जग तसंच येतं.

त्या शुक्रवारी सकाळी पूर्वेकडची बंदरं फिरून आलेलं एक मालवाहू जहाज लागलं. मी आणि डेव्ह चढलो. वर पांढऱ्या गणवेशात कॅप्टन उभे. त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देशमुख? अहो ताई, तुम्ही आपल्या! मी सरदेसाई. चिपळूणचा. आज माझी शेवटची सफर संपली बघा. इथे उतरायचं आणि रिटायर व्हायचं. आणि शेवटच्या बंदरात आपलं माणूस तपासायला, याला म्हणतात योग!"

आम्हा दोघांना आत नेलं. कॅप्टनला बायकोला सफरीवर नेता येतं. सरदेसाईवहिनी या शेवटच्या सफरीत सोबत होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, नाकात चमकी. मी बसायच्या आत माझ्यापुढे पोह्यांची बशी आली.

"वहिनी, ड्यूटीवर आम्हाला जहाजावरचं काही घेता येत नाही," मी म्हटलं.

"बघायला तरी काय हरकत आहे?" वहिनी म्हणाल्या.

मी बघितलं. ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती, आणि वर चार हिरवीगार, तुकतुकीत, आत्ता खुडल्यासारखी कढीपत्त्याची पानं होती. कित्येक दिवस समुद्रात असलेल्या जहाजावर.

"वहिनी, हा कढीपत्ता एवढा ताजा कसा हो?"

वहिनींनी कॅप्टनांकडे पाहिलं. कॅप्टनांनी खिडकीबाहेर पाहिलं. डेव्हला मराठी येत नाही, पण अपराधी शांतता त्याला कुठल्याही भाषेत कळते. तो सरळ उठला आणि आतल्या बाथरूमचं दार उघडलं. तिथे बादलीत, उजेडाच्या खिडकीखाली, कमरेएवढं कढीपत्त्याचं झाड उभं होतं. त्याला बारीकशी काठी बांधून आधार दिलेला होता.

"लेकीसाठी आणलंय," वहिनी म्हणाल्या. "तिला इथे मिळत नाही म्हणे."

मिळत नाही कारण आम्ही मिळू देत नाही. बाहेरून आलेल्या कढीपत्त्यावर एक पिटुकली कीड बसून येते. ती संत्र्या-लिंबांच्या झाडांत एक रोग सोडते, आणि त्या रोगावर औषध नाही. बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागतात. इथल्या मराठी मंडळींच्या सामानातून मी इतका कढीपत्ता काढून घेतलाय की गणपतीच्या जेवणात आमटी वाढताना कोणीतरी हमखास म्हणतं, "नीलिमाला वाढू नका, जप्त करेल."

"आमच्या कढीपत्त्यानं तुमच्या अमेरिकेचं काय घोडं मारलंय?" वहिनी म्हणाल्या.

मी संत्र्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग निदान पानं तरी खुडून घेऊ का?"

"पानांवरच बसते हो ती."

झाड दुहेरी पिशवीत गेलं. तोंड बांधताना वहिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आजचं वाईट काम उरकलं.

मग आम्ही डेकवर गेलो. पूर्वेकडच्या देशांत एक पतंग आहे, दिव्यावर येतो तसला. मराठीत त्याला नाव नाही, मी त्याला झाडखाऊ पतंग म्हणते. उन्हाळ्यात तिकडच्या बंदरांतल्या झगझगीत दिव्यांकडे हे पतंग थव्यानं येतात आणि दिव्याखाली उभ्या जहाजावर अंडी घालून मरतात. अंड्यांचा पुंज दिसतो कसा, तर जुन्या खाकी लोकरीचा तुकडा डिंकानं चिकटवल्यासारखा. एकेका पुंजात शेकड्यांनी अंडी. इथे येऊन ती फुटली की इवल्या अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर किनाऱ्याला पोचतात आणि रानंच्या रानं खाऊन मोकळी होतात.

पहिला पुंज लाइफबोटीच्या खाली सापडला. दुसरा दिव्याच्या खांबामागे. मग डेव्हनं वरून हाक मारली, मग मी खालून, आणि थोड्या वेळानं आम्ही हाका मारायचं थांबवलं. कठड्याच्या आतल्या बाजूनं, शिडीच्या पायऱ्यांखाली, दोरखंडांच्या चाकामागे, सगळीकडे खाकी लोकर.

एखाददुसरा पुंज असता तर आम्हीच खरवडून, तेल मारून जहाज आत घेतलं असतं. एवढ्यांना एकच नियम. जहाजानं बंदर सोडायचं, लांब समुद्रात जायचं, स्वच्छ व्हायचं आणि मगच परत यायचं.

मी कॅप्टनांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी हसराच राहिला, कारण त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

"अहो ताई, निघताना तिकडच्या लोकांनी तपासून सर्टिफिकेट दिलंय. पतंग नाहीत म्हणून."

"पतंगांनी ते वाचलेलं दिसत नाही, कॅप्टन."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मॅडम," ते म्हणाले, आणि मी ताईची मॅडम झाले तिथेच मला कळलं, "सगळी हयात समुद्रात गेली. एकाही बंदरानं मला परत पाठवलेलं नाही. आणि आज, शेवटच्या दिवशी?"

"मला वाईट वाटतं."

"वाईट वाटून माझी लेक नावेत बसायची राहणार आहे का? उद्या तिचं डोहाळजेवण आहे!"

नावेत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"लेकीचं नाव मृण्मयी का हो?"

कॅप्टन आणि वहिनी दोघंही एकदम माझ्याकडे वळले.

"मला उद्याचं आमंत्रण आहे," मी म्हटलं. आयुष्यात इतकं अवघड वाक्य मी दुसरं बोललेले नाही.

मी वरिष्ठांना फोन लावला, ओळखीचे लोक आहेत म्हणून स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, डेव्हला पुन्हा सगळं बघू दे. डेव्हनं हिरव्या चेहऱ्यानं पुन्हा सगळं बघितलं आणि आणखी पुंज काढून आणले. जहाज जाणार हे नक्की झालं. एक बरं झालं, माणसांच्या खात्यानं वहिनींचे कागद पाहून त्यांना उतरायला परवानगी दिली. माणूस काही पतंग नव्हे.

वहिनी तयार होईनात. "यांना एकट्याला टाकून मी कशी जाऊ?"

"एकटा कुठे? एवढा क्रू आहे," कॅप्टन म्हणाले. "आणि पतंग आहेत. तू जा. दोघंही नाही म्हणजे पोरीला काय वाटेल?"

मग वहिनींची पिशवी तपासायची पाळी आली. ओटीचं सामान होतं. खण ठीक. हळकुंडं, सुपाऱ्या ठीक. डिंकाचे लाडू मी उघडून पाहिले, ठीक. मग पुरचुंडीत तांदूळ निघाले.

"तांदूळ नाही चालणार वहिनी. त्यात भुंगेरा येतो."

"मी स्वतः निवडलेत हो."

"तो दिसायच्या आधीच आत असतो."

तांदूळ गेले. मग नारळ. पाणी असलेला नारळ रुजू शकतो, म्हणून तो आत घेता येत नाही. मी तो कानाशी धरून हलवला.

"यात पाणी आहे."

"नारळात पाणी नसेल तर काय असेल?" वहिनी म्हणाल्या. तोपर्यंत त्यांचा आवाज नीट होता. मग त्या खाली आपल्या बॅगेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलताना बघून मला वाटलं, झालं, रडवलं मी यांना. जवळ गेले तर त्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होत्या. "ओटी भरायला काय नेऊ मग, सुपारी?"

दुपारी जहाजानं दोर सोडले. कॅप्टन वर उभे होते. खाली गोदीवर वहिनी, दोन बॅगा आणि मी. वहिनींनी हात हलवला. कॅप्टनांनी टोपीला हात लावला, पण तो बायकोसाठी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, उद्या मी जात नाही. तो म्हणाला, "नको जाऊस. मग सगळे म्हणतील, जहाज पाठवलं ते पाठवलं, वर तोंड चुकवलं." तो बँकेत होता, पण कधीकधी बरोबर बोलतो.

गेले. इंडियन स्टोअरमधून तांदूळ आणि नारळ घेऊन गेले. मृण्मयीच्या घरात पाय ठेवला आणि बायकांच्या गप्पा अशा थांबल्या की जणू कोणीतरी बटण दाबलं. गॅरेजमध्ये फ्रिजच्या खोक्यांची निळी नाव, तिला चमकीच्या कागदाचं शीड, आणि आत फुलांचे दागिने घातलेली, हिरव्या साडीतली मृण्मयी. तिनं माझ्याकडे बघून नुसतं "या काकू" म्हटलं. त्या दोन शब्दांत बरंच काही होतं.

वहिनी उठल्या. माझा दंड धरून त्यांनी मला मधोमध आणलं आणि म्हणाल्या, "ह्याच त्या. माझ्या नवऱ्याला समुद्रात पाठवलं ते ह्यांनीच." सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मग वहिनींनी माझ्या पिशवीत हात घालून नारळ काढला, कानाशी धरला आणि गंभीरपणे हलवला.

"यात पाणी आहे," त्या म्हणाल्या. "जप्त!"

आधी मृण्मयी हसली, मग नाव हलायला लागली, मग सगळंच गॅरेज. कौस्तुभ धावला, "हळू यार, शीड पडेल!"

ओटी भरून होते न होते तोच कॅप्टनांचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलवर आधी नुसतं आभाळ, मग एक पिवळं हेल्मेट, मग कॅप्टन. वारा सुटलेला. हातात पातं.

"बाबा, बघा, मी पण जहाजात आहे!" मृण्मयी ओरडली.

"छान दिसतेस गं बाळा. तुझ्या जहाजावर लोकरीचे डाग आहेत का बघ. बरं, त्या मॅडम आहेत का तिथे? जरा दे."

मी मोबाइल घेतला.

"मॅडम, हे बघा. हा आहे का पुंज?" त्यांनी कॅमेरा कठड्याजवळ नेला.

"नाही कॅप्टन, ती पक्ष्याची विष्ठा."

"आणि हा?"

"तो गंज आहे."

"आणि हा?"

"हा आहे. हळू खरवडा, एक अंडंही खाली सांडू देऊ नका. सगळं डब्यात घ्या."

असं करत करत मी कौस्तुभच्या वॉशिंग मशीनवर बसून जहाज साफ करून घेतलं. मागे बायका डोहाळ्यांची गाणी म्हणत होत्या. एका कडव्याला मी ओरडले, "पंख्याच्या मागे बघा, पंख्याच्या!" आणि काही जणी गाता गाता घरातल्या पंख्याकडे बघायला लागल्या. कोणीतरी माझ्या तोंडात डिंकाचा लाडू कोंबला. ड्यूटी नव्हती, खाल्ला.

दोन-तीन दिवसांनी जहाज परतलं. वरिष्ठांनी डेव्हला पुढे घातलं होतं, मी त्याच्या मागून आरसा धरून. खरं सांगायचं तर असं घासलेलं जहाज मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लोखंडात माझं तोंड दिसत होतं. क्रू आमच्याकडे अशा नजरेनं बघत होता की आता काही सापडलं तर आम्हालाच खरवडतील. वहिनी खाली गोदीच्या फाटकाशी मृण्मयीच्या गाडीत बसून होत्या. कॅप्टन आमच्या पुढे चालत होते. त्यांना इथेच उतरायचं होतं, नवा कॅप्टन आलेला होता. आज जहाज पुन्हा परत गेलं असतं तर तेही गेले असते. त्यांच्यावर सोपवलेलं जहाज ते मधेच दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे नव्हते, हे मला एव्हाना कळलं होतं.

शेवटचा डेक उरला. डेव्ह रंग बदलू लागला होता. तेवढ्यात कॅप्टन एका जिन्यापाशी थबकले. खालच्या पायरीच्या पोटाला, अगदी कोपऱ्यात, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी ते बघत राहिले. त्यांना दोन पावलं पुढे जाता आलं असतं. तिथेच आड उभं राहता आलं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "इथे एक राहिलाय."

मी गुडघ्यावर बसून आरसा धरला. होता. अंगठ्याएवढा, खाकी, मऊ.

डेव्हनं वरिष्ठांना फोन लावला, तेव्हा कॅप्टन ताठ उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहिल्यासारखे. डेव्ह फोनवर बराच वेळ बोलला. मग त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. एकच आहे, कॅप्टननं स्वतः दाखवलाय, काढा आणि जहाज घ्या, असा वरिष्ठांचा निरोप.

मी पातं पुढे केलं. कॅप्टनांनी ते माझ्या हातातून घेतलं, खाली बसले आणि इतक्या हळुवारपणे तो पुंज सोडवला की एक केसही पडला नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाकून बूच लावलं.

"परत पाठवलं ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे." आणि मग, उठताना, "ताई."

आता ते चिपळूणला असतात, वर्षातून एकदा लेकीकडे येतात. आणि येतात तेव्हा आणि नसतात तेव्हाही मला मोबाइलवर फोटो पाठवतात. भिंतीवरचा डाग, गाडीच्या चाकाजवळची बुरशी, देवळाच्या खांबावर चिकटवलेलं च्युइंगगम. खाली एकच शब्द, "तपासावे." मी निवृत्त झालेय. बंदरात आता नवी मुलं आहेत, त्यांना माझी गरज पडत नाही. डेव्हनं डोंगरात घर घेतलंय, पाण्यापासून लांब. मला दिवसभरात दुसरं कोणी काही तपासायला सांगत नाही, हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही.

परवा फोटो आला तो मृण्मयीच्या मुलीच्या गालाचा होता. गालावर काहीतरी खाकी, मऊ, चिकटलेलं. खाली, "तपासावे." मी चष्मा लावला, फोटो मोठा केला, सगळ्या बाजूंनी नीट पाहिला, आणि उत्तर लिहिलं: "पुंज नाही. नाचणीची खीर आहे. बंदरात घेण्यास हरकत नाही."